टाळूचे टाके आणि पाच दिवसांची बाटली



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. विषय होता बाळाचं वरचं अन्न. बोलणं झालं, रेकॉर्डर बंद केला, चहाचे कप गोळा होत होते. तेवढ्यात एक सून आमच्याजवळ येऊन उभी राहिली. कडेवर दीड वर्षाचं पोर. तिच्या परवानगीने हे सांगतोय, पण तिचं नाव आणि गाव सांगणार नाही.

पोराची टाळू जन्मतः फाटलेली होती. शहरात ऑपरेशन झालं. टाके नीट बसलेत असं सांगून घरी पाठवलं, बरोबर पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची बाटली दिली. पंधरा दिवसांनी दूध परत नाकातून यायला लागलं. तपासणीला नेलं तर टाळूला हरभऱ्याएवढं भोक राहिलेलं. ती म्हणाली, "त्या बाटलीतले दोन डोस माझ्याकडून चुकले, ताई. एकदा पोर झोपलेलं होतं, एकदा मीच विसरले. घरात सगळे म्हणतात, तुझ्यामुळेच टाके उसवले. खरं आहे का?"

तिच्या शेजारच्या गावातल्या एका मुलाचं असंच ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात झालं होतं. त्याला घरी न्यायला कसलीच बाटली दिली नव्हती, आणि त्याची टाळू छान भरली. मग बरोबर कोण?

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. "विचारून सांगतो" म्हणून आलो. मग महिनाभर वाचलं, जाणकारांना विचारलं. मागे जाता जाता दोनशे वर्षं मागे गेलो. आजची गोष्ट त्याचीच आहे.

आधी एक खुलासा. टाळू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा येते, जिथे आपण तेल भरतो. ही टाळू ती नव्हे. ही तोंडातली, जिभेच्या वरची छत. पुढचा भाग हाडाचा, मागचा मऊ, आणि त्याच्या टोकाला पडजीभ. पोटातल्या बाळाची ही छत दोन्ही बाजूंनी वाढत येते आणि तिसऱ्या महिन्याच्या आत मध्ये जुळते. काही बाळांत ती जुळायची राहते. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ साधारण सात-आठशे जन्मांत एक असतं. ग्रहणात आईने विळी हातात घेतली म्हणून असं झालं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात काही तथ्य नाही. ग्रहण पाळण्याची चालच नाही अशा देशांतही अशी बाळं जन्मतात. पण बघा, आईवर पहिला ठपका जन्माच्या दिवशी लागतो आणि दुसरा टाके उसवल्यावर. पहिल्याबद्दल आपण या कार्यक्रमात पूर्वी बोललोय. आज दुसऱ्याबद्दल.

१८१९ साल. पॅरिस शहर. जॉन स्टीफनसन नावाचा एक तरुण तिथे आला होता. कॅनडातल्या माँट्रियलचा, डॉक्टरकी शिकणारा. त्याची मऊ टाळू जन्मतः दुभंगलेली, त्यामुळे बोलणं गेंगाणं. रू नावाच्या फ्रेंच सर्जनने ती शिवायचं ठरवलं. बर्लिनमध्ये ग्रेफे नावाच्या सर्जनने तीन वर्षांपूर्वी असा प्रयत्न केला होता. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. ईथरची भूल यायला अजून सत्तावीस वर्षं होती. म्हणजे हा मुलगा शुद्धीत, तोंड उघडं धरून बसला आणि सर्जनने घशाजवळ सुई घातली. जंतू म्हणजे काय हे सर्जनलाही ठाऊक नव्हतं. हात धुवायची रीत नव्हती. औषधाचा थेंब नव्हता.

तरी ते टाके टिकले. पुढच्या वर्षी, १८२० मध्ये, स्टीफनसनने एडिंबरोत डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, आणि विषय घेतला टाळू शिवण्याचा. मग तो माँट्रियलला परतला, तिथलं पहिलं वैद्यकीय विद्यालय काढणाऱ्या चौघांत त्याचं नाव आहे. ज्याचं बोलणं लोकांना समजत नव्हतं, तो वर्गापुढे उभा राहून शिकवू लागला.

ही गोष्ट वाचून आम्ही थांबलो. औषध नाही, स्वच्छता नाही, तरी टाळू भरून आली. पण म्हणून औषधाची गरजच नाही, असा अर्थ काढू नका. ज्यांचे टाके टिकले नाहीत त्यांच्या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही. आणि हे ऑपरेशन होत होतं ते मोठ्या माणसांचं, मऊ टाळूपुरतं. दहा महिन्यांचं बाळ शुद्धीत तोंड उघडून बसणार कसं?

भूल आली आणि बाळांवर ऑपरेशन करणं शक्य झालं. मग १८६१ मध्ये बर्लिनच्या लांगेनबेक यांनी हाडाच्या टाळूसाठी एक युक्ती मांडली. शिवणकाम करणाऱ्या बायकांना ती चटकन कळेल. दोन काठ लांब आहेत, मध्ये कापड नाही. तसेच ओढून शिवले तर काय होईल? शिवण पहिल्या ताणाला उसवेल. लांगेनबेक यांनी टाळूचं आवरण, हाडाला चिकटलेल्या पापुद्र्यासकट, दोन्ही बाजूंनी सोडवलं, बाजूला सैल केलं आणि मग मध्ये आणून शिवलं. ताण गेला. आजची ऑपरेशनं बरीच सुधारलीत, पण हे मूळ तत्त्व तसंच आहे. टाळूला पुन्हा भोक पडतं त्याची मोठी कारणं आजही हीच आहेत: फट किती रुंद होती, टाक्यांवर किती ताण आला, कडेपर्यंत रक्त नीट पोचलं का, सर्जनचा हात किती सरावलेला होता. जंतू हे आणखी एक कारण. म्हणजे आहे, पण एकटं नाही. ओढून शिवलेलं कापड कोणत्याही औषधाने धरून ठेवता येत नाही.

आता जंतूंकडे येऊ. १८६७ मध्ये इंग्रज सर्जन लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम जंतूंपासून वाचवता येते हे दाखवलं. हातापायाच्या जखमा पट्टी बांधून झाकता आल्या. पण तोंडाला पट्टी कशी बांधणार? बाळ लाळ गाळतं, दूध पितं, बोट तोंडात घालतं. तोंडात जंतू कायम असतातच. त्यातल्या बहुतेकांचा त्रास नसतो. भीती होती ती घसा धरणाऱ्या एका जातीची, स्ट्रेप्टोकॉकस. हा जंतू ताज्या शिवणीत शिरला की काठ विरघळल्यासारखे सुटत. म्हणून ब्रिटनच्या रुग्णालयांत टाळूच्या ऑपरेशनआधी मुलाच्या घशातला नमुना घेऊन तपासायची पद्धत पडली. जंतू सापडला तर ऑपरेशन पुढे. आजही बाळाला सर्दी, खोकला, ताप असेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. गाडीभाडं खर्चून गेलेल्या बाईला त्याचा राग येतो, हे आम्हाला माहीत आहे. पण तसं परत पाठवण्यात बाळाचंच हित असतं.

हा जंतू वॉर्डात फिरतो कसा? एका मुलाकडून दुसऱ्याकडे, नर्सच्या हातातून. त्या काळी उपाय म्हणून काय केलं गेलं? आईला बाहेर ठेवलं. इंग्लंडमध्ये कितीतरी रुग्णालयांत आईला आठवड्यातून एखाद-दोन वेळाच मुलाला भेटू देत. आई घरून जंतू आणते, असं म्हणत. मुलं रडून रडून थकत. टाळूच्या ताज्या टाक्यांना रडणं चांगलं की वाईट, हे आम्ही सांगायला नको. १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समिती तिचं नाव, आईला मुलापाशी येऊ द्या अशी शिफारस केली, तेव्हा हळूहळू दारं उघडली.

पण जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईने त्याच्या आधीच उलटं करून दाखवलं होतं. आम्हाला ही बाई भेटली आणि आम्ही बाकी वाचन दोन दिवस बाजूला ठेवलं.

न्यूझीलंडमध्ये सेसिली पिकरिल नावाच्या सर्जन होत्या. १९०३ चा जन्म. त्यांचे यजमान हेन्री पिकरिल हेही सर्जन, पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नभिन्न झालेल्या सैनिकांवर त्यांनी ऑपरेशनं केलेली. दोघांनी वेलिंग्टनजवळ लोअर हट इथे बॅसम नावाचं एक छोटं रुग्णालय काढलं, फाटलेले ओठ आणि टाळू असलेल्या बाळांसाठी. १९४० च्या दशकात ते नावारूपाला आलं. तिथला नियम असा की आई बाळाबरोबर राहील, आणि बाळाचं सगळं आईच करील. भरवणं, पुसणं, उचलणं, झोपवणं, सगळं. नर्स शिकवील, पण एका बाळावरून दुसऱ्या बाळाकडे हात फिरणार नाही. प्रत्येक बाळाला एकच हात, आईचा. आईच्या अंगचे जंतू बाळाला आधीच ओळखीचे असतात, परके जंतू येतात ते परक्या हातातून, असा त्यांचा हिशेब होता. वॉर्डात एकाचं दुसऱ्याला लागणं त्यांनी असं थांबवलं आणि १९५४ मध्ये इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तसं लिहिलं. यजमान १९५६ मध्ये गेले, त्यानंतरही बाईंनी ते रुग्णालय चालवलं. १९७७ साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात आई बाळाबरोबरच असते, त्यात आपल्याला नवल वाटत नाही. उलट "गर्दी करू नका" असं ओरडून घेतो. पण आईचे धुतलेले हात हा टाळूच्या टाक्यांवरचा इलाज आहे, हे कोणीतरी मोजून दाखवलं होतं, तेही एका बाईने. आम्हाला हे फार आवडलं, म्हणून जरा लांबलं.

आता औषध. १९३५ च्या सुमारास जर्मनीत डोमाक नावाच्या शास्त्रज्ञाने स्ट्रेप्टोकॉकसवर चालणारं पहिलं औषध शोधलं, सल्फा जातीचं. त्याच्या स्वतःच्या मुलीचा हात सुई टोचून सडायला लागला होता, तेव्हा त्याने तेच तिला दिलं आणि ती वाचली. पाठोपाठ पेनिसिलिन. फ्लेमिंग यांना ते १९२८ मध्ये बुरशीत दिसलं होतं, पण औषध म्हणून हाती यायला ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांचे श्रम लागले. युद्धाचे दिवस. भांडी नाहीत, यंत्रं नाहीत. अंथरुणात लघवीला देतात तसल्या आकाराची चिनी मातीची भांडी बनवून घेतली आणि त्यात बुरशी वाढवायला सहा तरुण मुली ठेवल्या. त्यांना 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. १९४१ मध्ये पहिला मोठा रोगी, अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस, या औषधाने उठून बसायला लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून त्याला दिलं, तरी पुरलं नाही. तो गेला. त्यानंतर फ्लोरी यांनी मुलांवर उपचार करायचं ठरवलं, कारण लहान शरीराला औषध कमी लागतं.

आणि मग आपलं पिंपरी. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपल्यातल्या काहींच्या आजोबांनी तिथे नोकरी केली असेल.

औषध भरपूर झालं आणि सवय लागली. ऑपरेशन झालं की आठवडाभर अँटिबायोटिक, असू द्या म्हणून. टाळूच्या बाबतीतही तेच. हे किती दिवस द्यावं, कशासाठी द्यावं, हे बराच काळ कोणी नीट तपासलं नाही.

तपासलं ते बोस्टनच्या बर्क या सर्जनने, १९६१ मध्ये. गिनिपिग या प्राण्याच्या कातडीत त्यांनी जंतू टोचले. काहींना औषध आधी दिलं, काहींना त्याच वेळी, काहींना उशिरा. आधी दिलेल्यांत जखम जवळजवळ झालीच नाही. तीन तासांहून उशिरा दिलेल्यांत औषध न दिल्यासारखंच. शेतीत आपण हेच करतो. पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया केली तर कोंब वाचतो. रोग आत शिरल्यावर फवारणी केली तर पैसा जातो.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयाने २,८४७ माणसांच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत हजारी सहा जणांची जखम चिघळली. चीर देऊन काही तास गेल्यावर मिळालेल्यांत हजारी तेहेतीस. ही टाळूची ऑपरेशनं नव्हती, पण तत्त्व कळलं. सुरी लागते तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. आज टाळूच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देतानाच शिरेतून एक डोस देतात तो यासाठी. तो डोस आपल्याला दिसत नाही, बाटलीत येत नाही, म्हणून आपण तो हिशेबात धरत नाही. पण सगळ्यांत मोलाचा तोच.

मग घरी न्यायची पाच दिवसांची बाटली?

इथे डॉक्टरांत एकमत नाही. अमेरिकेतल्या टाळूच्या सर्जनांना विचारून केलेल्या पाहणीत बहुतेक जण ऑपरेशनआधीचा डोस देताना आढळले. नंतरचं मात्र कोणी काहीच देत नाही, कोणी एक दिवस, कोणी पाच, कोणी दहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सगळ्या ऑपरेशनांसाठी सांगितलं की ऑपरेशन संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून औषध लांबवू नका. दुसरीकडे आपल्याच देशात, गुवाहाटीला, टाळूवरच नेमका अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. पाचशेहून जास्त रुग्ण. अर्ध्यांना ऑपरेशननंतर पाच दिवस अमॉक्सिसिलिन. अर्ध्यांना औषध नसलेली बाटली. कोणाला काय मिळालं हे घरच्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. औषध घेतलेल्यांत भोक पडण्याचं प्रमाण कमी भरलं. तरी वाद मिटला नाही. आणि त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही बघा: नंतर औषधाचा एक थेंबही न मिळालेल्या बहुतेकांच्या टाळूही भरून आल्याच.

आम्हाला विचाराल तर, ज्या सर्जनचा रोगी डोंगरापलीकडच्या गावात जाणार आहे, ताप आला तर लगेच परत येऊ शकणार नाही, तो पाच दिवसांची बाटली देतो हे समजण्यासारखं आहे. आणि जो देत नाही तोही हलगर्जी नाही. बाटली दिली नाही म्हणून आपणच मेडिकलमधून आणून पाजायची, हे मात्र चुकीचं. जुलाब होतात, तोंडात पांढरी बुरशी धरते, आणि जंतू औषधाला सरावतात. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणून अर्धवट घेतो. त्याच्या घशातले जंतू औषधाला सरावतात आणि बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती मरते. औषध घेतलं कोणी आणि मेलं कोण, हे बघून आमच्या गटातल्या एकीने कपाळावर हात मारला.

दिलेली बाटली मात्र सांगितल्याप्रमाणे पूर्ण करायची. पावडरची असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी हलवायची, मापाच्या टोपणानेच द्यायची. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, दवाखान्यात फोन करून विचारायचं. उरलेलं धाकट्यासाठी ठेवायचं नाही. पातळ खाणं, खाल्ल्यावर दोन चमचे पाणी, तोंडात काही टोकदार जाऊ द्यायचं नाही, आपले हात साबणाने धुतलेले. ताप, तोंडातून रक्त, घाण वास, किंवा पोर पाणीही घेईना, तर बाटलीच्या भरवशावर न राहता दवाखाना गाठायचा. आणि ज्यांच्या घरी असं बाळ आहे आणि अजून काहीच केलेलं नाही, त्यांनी आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू येतात. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्या पालघरला.

मागच्या मंगळवारी आम्ही त्या सुनेच्या घरी गेलो. तिने दवाखान्याचे कागद काढले. जाणकारांनी आम्हाला दाखवून दिलं होतं तसं आम्ही बघितलं. ऑपरेशनआधीचा डोस दिल्याची नोंद होती. फट रुंद होती, हेही लिहिलेलं होतं. आम्ही तिला सांगितलं, दोन डोस चुकल्यामुळेच भोक पडलं असं म्हणायला कसलाही आधार नाही. काही महिने थांबून हे भोक पुन्हा शिवतात, डॉक्टरांनी तिला तसं सांगितलंच होतं. स्टीफनसनची गोष्ट सांगितली, न्यूझीलंडच्या बाईंची सांगितली. ती पदराने तोंड पुसत ऐकत होती.

सासूबाई उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकलं, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही चपला घालायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या टायमाला दवाखान्यात पोराजवळ एकीलाच राहू देतात, का दोघींना?"

आम्ही म्हटलं, विचारून सांगतो.